फळी आधी, माणूस नंतर

१

माणूस सापडला चिखलात आणि त्याचे बूट सापडले काठावर. बूट जोडीनं ठेवलेले, मोजे आत खोचलेले, घरात शिरताना काढावेत तसे.

पोलिसांनी बूट पाहिले, मग म्हाताऱ्याच्या घरात जाऊन भिंतीवर टांगलेली फळी पाहिली आणि माना हलवल्या. खाडीकाठच्या त्या खाजणात फळीशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. कमरेएवढी लांब, पुढून नाक वर वळवलेली लाकडी फळी असते. तिच्यावर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायानं रेटा द्यायचा, की चिखलावरून घसरत जाता येतं. फळी नसेल तर माणूस मांडीपर्यंत रुततो आणि भरतीचं पाणी त्याची वाट बघत थांबत नाही. ज्यानं बूट काढले, फळी घरी ठेवली आणि मग चिखलात चालत गेला, त्याला परत यायचंच नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

बंदर कचेरीत माझं काम एवढंच. पाण्यात गेलेला माणूस कसा गेला ते ठरवायचं: पाय घसरून, स्वतःहून, की दुसऱ्या कुणाच्या हातून. सहकारी मला ‘बुडीत खातं’ म्हणतात. मी त्यांच्याबरोबर हसते. घरी हसायला दुसरं कुणी नाही, म्हणून तेही कचेरीतच उरकून घेते.

मेलेला माणूस निवृत्त प्राध्यापक होता. चिखलातल्या जिवांवर त्यानं जन्म काढला आणि बायको गेल्यावर खाजणाच्या काठी एका खोलीत एकटा राहिला. त्याची मुलगी माझ्यासमोर बसली होती. चाळिशीची, प्रवासानं चुरगळलेली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

“बाबांनी जीव दिला का, एवढंच मला सांगा,” ती म्हणाली. “मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, येऊन जा एकदा. मी म्हटलं, बघते. मी दर वेळी बघतेच म्हणते. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही.”

अशा वेळी ‘तुमचा काही दोष नाही’ म्हणायची रीत आहे, पण मला खरं काय ते ठाऊक नव्हतं आणि खोटा दिलासा मला जमत नाही. मी प्रेताच्या अंगावरच्या वस्तूंची पिशवी टेबलावर रिकामी केली. दोरी लावलेला चष्मा. सदरा. अर्धी विजार. आणि गोणपाटाची एक जाड पट्टी, दोन्ही टोकांना बंद शिवलेले.

“ही कुठे होती?” मी हवालदाराला विचारलं.

“डाव्या गुडघ्यावर बांधलेली. वय झालेलं, दुखत असेल गुडघा.”

असेलही. पण जीव द्यायला निघालेला माणूस गुडघ्याची एवढी काळजी घेतो, हे मला पटेना. कागदावर फक्त माझी सही राहिली होती. मी पेनाला टोपण लावलं.

२

म्हाताऱ्याची खोली पाहून मला माझंच घर आठवलं. एक कप, एक ताट, एक उशी. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर बरण्या ठेवलेल्या. एकट्या माणसाची दुसरी खुर्ची अशीच कामाला लागते.

फळी मागच्या पडवीत होती. भिंतीत दोन खुंट्या ठोकलेल्या: एक छातीच्या उंचीवर, एक डोक्याच्या वर. खालची खुंटी वापरून वापरून गुळगुळीत, काळी पडलेली. फळी वरच्या खुंटीवर होती, नाक वर, धुतलेली, स्वच्छ. खाली गोड्या पाण्याचं पिंप आणि त्यात मग. भिंतीवर कोळशानं लिहिलेलं: फळी आधी, माणूस नंतर.

“हा त्यांचा नियम,” मुलगी म्हणाली. “चिखलातून आलं की आधी फळी गोड्या पाण्यानं धुवायची, नाहीतर खारानं लाकूड फुटतं. मग नाक वर करून टांगायची. त्यानंतर स्वतः पाणी प्यायचं. लहानपणी घसा कोरडा पडलेला असायचा आणि मी रडत रडत फळी धूत असायचे. त्यांचे विद्यार्थीसुद्धा असेच तयार झाले.”

तिनं चवड्यांवर उभं राहून फळीला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

तेवढ्यात चिखलावरून एक बाई आपली फळी रेटत काठाला आली. साठीची, काटक, पाठीला शिंपल्यांची टोपली. ही शेजारीण, शिंपले काढून विकणारी. पोलिसांना प्रेत हिनंच दाखवलं होतं. ती उठून उभी राहिली, आणि मला तिच्या डाव्या गुडघ्यावर गोणपाटाची पट्टी दिसली, दोन्ही टोकांना बंद शिवलेली.

“मावशी, गुडघ्याला लागलंय का?” मी विचारलं.

“लागलं नाही, लागू नये म्हणून आहे,” ती म्हणाली. “दिवसभर लाकडावर गुडघा टेकायचा तर पट्टी नको? मास्तरांची पण मीच शिवून दिली होती.”

मी मुलीकडे पाहिलं. तिला माझ्या आधीच समजलं होतं.

बाबा फळीवर बसून गेले होते. मग फळी घरी कशी आली?

३

फळीला पाय फुटत नाहीत. ती कुणीतरी आणली, धुतली, टांगली. खाजणाच्या आसपास माणसं मोजकीच होती, तेव्हा मी एकेकाला गाठायला निघाले.

शिंपलेवाली तिथेच होती. तिचं आणि मास्तरांचं भांडण सगळ्यांना ठाऊक होतं.

“बारकी शिंपली काढू नकोस, म्हणायचे. मी म्हणायचे, पोट तुमच्या पुस्तकावर भरत नाही,” तिनं स्वतःच सांगितलं. “भांडण रोजचं होतं, बाई. आता भांडायला पण कुणी नाही.”

बोलता बोलता तिनं आपली फळी काठावरच्या डबक्यात सोडली आणि पायानं दाबून बुडवली.

“धूत नाही?” मी विचारलं.

“धुवून वाळवली की फुटते. आम्ही शिंपलेवाले ओलीच ठेवतो. मास्तर म्हणायचे, तू चूक. मी म्हणायचे, तुम्ही चूक. दोघांच्या फळ्या वीस वर्षं टिकल्या.”

दुसरा, म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि बूट आरशासारखे. खाजणाला बांध घालून पाणी अडवायचं, जमीन कोरडी करून रस्ता न्यायचा, असं वर ठरत होतं. तसं झालं तर दादाच्या खोलीखालच्या वडिलोपार्जित तुकड्याला सोन्याचा भाव येणार होता. हे त्यानं लपवलं नाही.

“दादाला जगात एकच गोष्ट कळायची, चिखल,” तो म्हणाला. “आणि मला एकच गोष्ट कळत नाही, तीही चिखल. मी आयुष्यात त्या घाणीत पाय घातलेला नाही. त्यानं मला कधी फळी शिकवली नाही, मी कधी मागितली नाही.” मग म्हणाला, “वाढदिवसाला फोन करायचो. या वर्षी राहिला.”

तिसरी, रस्त्याच्या कडेच्या अभ्यास केंद्राची प्रमुख. एके काळी प्राध्यापकांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी. पन्नाशीची, नीटनेटकी, आवाज हळू. तिच्या अहवालात लिहिलं होतं की खाजणातला चिखल मेला आहे, त्यात जीव उरलेला नाही, बांध घातला तर नुकसान नाही. त्यावर पुढच्या आठवड्यात सुनावणी होती.

“सरांना अहवाल आवडला नव्हता,” तिनं कबूल केलं. “पण आमचं प्रेम तसंच होतं. मी दर आठवड्याला जायचे त्यांच्याकडे. ते खचले होते. एकटेपणा वाईट असतो हो.”

हे शेवटचं वाक्य ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, आणि ते खरं होतं. तिच्या टेबलावरही एकच कप होता.

कपाटात चिखलाचे नमुने ओळीनं मांडलेले. मी एक बरणी उचलून उजेडात धरली. तळाशी बारीक खडी होती, रस्त्याला घालतात ती. कोपऱ्यात तिची फळी उभी होती. वाळून तिला बोट जाईल एवढी चीर पडली होती.

४

केंद्रातून निघाल्यावर मी काठावर बसून राहिले. मुलगी शेजारी येऊन बसली. ओहोटी लागली होती आणि चिखलाचा राखाडी पट्टा उघडा पडत होता. लांबून तो खरोखरच मेल्यासारखा दिसतो. मला तर वाटलं, देव जग रंगवत असताना इथवर येऊन कंटाळला असणार.

“नीट बघा,” ती म्हणाली. “बाबा म्हणायचे, ही मजल्यांची इमारत आहे.”

तिनं वडिलांची दुर्बीण माझ्या हातात दिली. आधी निवटे दिसले, बोटभर मासे, पाणी सोडून चिखलावर उड्या मारणारे. मग खेकडे, एक नांगी हलवत आपापल्या बिळाच्या दारात उभे. मग आकाशातून पाखरांचा थवा उतरला. आखूड चोचीची पाखरं वरवर टिपत होती, कारण वरच्या मजल्यावर बारकी गोगलगाय राहते. मधल्या चोचीची जरा खोल, तिथे शिंपले. आणि वाकड्या लांब चोचीचे मोठे पक्षी डोळ्यापर्यंत तोंड खुपसून तळातला अळीसारखा किडा ओढून काढत होते. ज्याची जेवढी चोच त्याचा तेवढा मजला, म्हणून भांडण नाही. हजारो मैलांवरून येतात आणि याच चिखलावर पोट भरून पुढे जातात. एवढं सगळं ती एका दमात बोलली. वडिलांचे शब्द तिच्या तोंडात असे जसेच्या तसे होते, आणि ऐकायला वडील नव्हते.

“पाखरं कुठे उतरली आहेत?” मी विचारलं.

“मधोमध.”

“आणि रस्त्याच्या कडेला?”

तिनं दुर्बीण घेतली. रस्त्याच्या कडेचा पट्टा घट्ट, तेलकट, रिकामा होता. तिथे एकही पाखरू नव्हतं.

मेलेल्या चिखलात कुणी चोच घालत नाही. खाजण जिवंत होतं, मेली होती ती फक्त कड. आणि बरण्यांतला सगळा चिखल कडेचा होता, बूट न काढता, फळी न घेता, रस्त्यावर उभं राहून भरलेला. सरांना हे कळलं होतं. सुनावणीत ते मधल्या चिखलाची बादली टेबलावर ओतणार होते, हे शिंपलेवालीनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या दिवशी ते ती बादली भरायलाच गेले होते. बादली भरतीनं नेली असणार.

आता कारण हातात आलं होतं. पण कारण तर भावाकडेही होतं, आणि कारणावर कुणाला धरता येत नाही. मला फळी टांगणारे हात हवे होते.

“उद्या सगळ्यांना बोलवा,” मी मुलीला म्हटलं. “म्हणावं, बाबा पडले ती जागा मला बघायची आहे.”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला सगळे आले. भाऊ काठावरच थांबला. मी त्याला मास्तरांची फळी धरायला दिली, तर त्यानं ती दोन बोटांत धरली आणि हातात फोन घ्यायचा म्हणून सरळ मातीत टाकून दिली.

“मला वाट कोण दाखवणार?” मी विचारलं.

शिंपलेवालीनं डबक्यातून आपली फळी काढली. प्रमुखबाईंची फळी चिरलेली, म्हणून त्यांनी मातीतली सरांची उचलली. मी त्या दोघींमागून शिंपल्यांच्या उंचवट्यावरून चालत गेले. खाजणाच्या मधोमध गेलेला तो एक घट्ट पट्टा होता, फळीशिवाय तेवढ्यावरूनच जाता येत होतं. म्हातारा त्याच्या शेवटाला, हाताच्या अंतरावर सापडला होता. प्रमुखबाई फळीवर सहज बसल्या. इतक्या वर्षांनीही गुडघा विसरला नव्हता. पण ती जागा आली तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा सगळ्यांना धाप लागली होती. मुलगी पाण्याचे पेले घेऊन पडवीत उभी होती. शिंपलेवालीनं फळी डबक्यात बुडवली, पायानं दाबली आणि पेला घेतला.

प्रमुखबाईंनी पेला घेतला नाही. त्या सरळ पिंपाकडे गेल्या. मगानं पाणी घेऊन फळी धुतली, आधी तळ, मग कडा, मग नाक. एकदा झटकली. दोन्ही हातांनी उचलून वरच्या खुंटीवर टांगली, नाक वर. मग वळून पाण्यासाठी हात पुढे केला.

मुलीनं पेला पुढे केला नाही. त्यांचा हात तसाच राहिला.

“खाली इतकी वापरातली खुंटी आहे,” मी म्हटलं. “वर का टांगलीत?”

“सरांची फळी वरच असते,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

“दर आठवड्याला येत होतात ना तुम्ही?”

उत्तर शिंपलेवालीनं दिलं, आणि तेही माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून.

“मास्तरांचा उजवा खांदा गेला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. दोन वर्षं झाली. खालची खुंटी मीच ठोकून दिली.”

६

प्रमुखबाई पायरीवर बसल्या. मी त्यांना घाई केली नाही.

“मी बोलायला गेले होते,” त्या म्हणाल्या. “शिंपल्यांच्या वाटेनं, पार टोकापर्यंत. सर चिखलात कमरेपर्यंत उतरून बादली भरत होते. फळी वाटेला टेकवलेली. मी म्हटलं, सुनावणीत नका येऊ, माझी सगळी वर्षं वाया जातील. ते म्हणाले, आधी हात घाल, बघ किती जीव आहे, मग बोल. पोरीला समजवावं तसं. मी फळी उचलली. म्हटलं, बादली ओता, मग फळी देते. ते हसले.”

“आणि?”

“आणि मी निघून आले. मारायचं नव्हतं मला. घाबरतील, बादली तिथेच टाकून येतील, एवढंच. त्यांनीच शिकवलं होतं आम्हाला. अडकलात तर उभे राहू नका, पोटावर आडवे व्हा, हात लांब टाका, ओढत या. ते कितीदा असे आले होते माझ्यासमोर. वाट तर हाताच्या अंतरावर होती.” त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. “फळी धुतल्याचं मला आठवतसुद्धा नाही.”

“हाक मारली का त्यांनी?” मुलीनं विचारलं.

“मारली. मला वाटलं, फळीसाठी ओरडताहेत.”

हाताच्या अंतरावर वाट होती आणि हातच लांब होत नव्हता. त्यांना खांद्याचं ठाऊक असतं तर त्यांनी फळी उचलली नसती, असं मला वाटतं. उचलली असती तरी खालच्या खुंटीवर टांगली असती, आणि मग मी कागदावर सही करून मोकळी झाले असते. एका न केलेल्या चौकशीनं माणूस मारला आणि तिनंच मारणारीला पकडून दिलं. माझ्या नोकरीत इतका वाईट हिशेब मी पाहिला नव्हता.

पोलिस त्यांना घेऊन गेले. भाऊ थोडा वेळ बूट बघत उभा राहिला आणि निघून गेला.

मुलगी पडवीतच होती. मी तिच्याजवळ जाऊन, जे सांगायला आले होते ते सांगितलं.

“त्यांनी जीव दिला नाही. ते काम करायला गेले होते आणि परत येणार होते. तसं मी लिहिणार आहे.”

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं, ती रडेल, सुटेल. तिनं विचारलं, “खांद्याचं मला का नाही सांगितलं?”

“फोनवर कशाला सांगू म्हणाले,” शिंपलेवाली हळूच म्हणाली. “आल्यावर कळेलच तिला.”

मुलगी उठली. चवड्यांवर उभी राहून तिनं वरच्या खुंटीवरून फळी उतरवली. धुतलेलीच होती, तरी पिंपातलं पाणी घेऊन पुन्हा धुतली, आधी तळ, मग कडा, मग नाक. आणि खालच्या खुंटीवर टांगली.

मी तिच्यासाठी पाण्याचा पेला धरून उभी होते. तिनं तो घेतला तेव्हा भरती अर्ध्यावर आली होती आणि मधली पाखरं उठायला लागली होती.